म्हाताऱ्याच्या पाठीमागची किल्ली

दोघी सख्ख्या जावा, एकाच हॉस्पिटलात, एकाच खोलीत कामाला, आणि दोघींमधून विस्तव जात नव्हता. एवढं सांगितलं की निम्मी गोष्ट सांगून झाली. उरलेली निम्मी धाकटीची आहे. ती तिला फारशी शोभणारी नाही, पण तिला विचाराल तर ती अजूनही म्हणेल की सुरुवात थोरलीने केली.

खोली तळमजल्यावर, धुलाईघराला लागून. बाहेरून चादरींच्या ढकलगाड्या खडखडत जायच्या, साबणाच्या वाफेने नाक चुरचुरायचं, आणि आत शिरून दार लावलं की नुसती थंडी आणि पंख्यांचा घोंघाट. लोखंडी कपाटांत सर्व्हर मांडलेले. पेशंटांची नोंदणी, औषधांचा साठा, पगार, रक्ताच्या तपासण्यांचे रिपोर्ट, हॉस्पिटलचं सगळं त्यांच्यावर चालायचं. पूर्वी एका कामाला एक सर्व्हर असा थाट होता. अख्खी भिंत भरलेली, आणि त्या भिंतीची मालकीण थोरली. स्वेटर घालून, कमरेला चाव्यांचा जुडगा लावून ती त्या कपाटांपुढून अशी फिरायची की जणू गोठ्यातली गुरं मोजतेय.

मग धाकटी आली. थोरलीनेच साहेबांच्या कानावर घालून तिला चिकटवली होती, आणि ही गोष्ट ती दिवसाआड ऐकवायचीच. धाकटीने येऊन काय केलं, तर व्हर्च्युअल मशीनं आणली. एकाच दणकट सर्व्हरच्या पोटात आठ-दहा मशीनं. हाताला लागत नाहीत, फक्त पडद्यावर दिसतात, आणि प्रत्येकाचा कारभार वेगळा. एका घरात दहा बिऱ्हाडं घालावीत तसं. म्हणून खोलीत सगळे त्यांना भाडेकरूच म्हणत. भाडेकरू दाटीवाटीने राहायला लागले तशी थोरलीची भिंत रिकामी होत गेली. एकेक सर्व्हर बंद झाला, भंगारात गेला. शेवटी उरले तीन. दोन नवे, अगदी एकसारखे, त्यांना जुळी म्हणायचे, एक डावी, एक उजवी. आणि एक जुना, खालच्या फळीवर धापा टाकणारा. तो म्हातारा.

भाडेकरूंची एक खोड असते, ते एका घरात टिकत नाहीत. एका सर्व्हरवर भार वाढला की पडद्यावरचा प्रोग्राम त्यातल्या एकाला उचलून दुसऱ्यावर नेऊन ठेवतो, तेही चालता चालता, कुणाला पत्ता लागू न देता. म्हणजे सकाळी डावीवर असलेला पगार दुपारी उजवीवर. एकदा अशाच गोंधळात रिकामा समजून एक सर्व्हर बंद केला आणि औषधांच्या खिडकीपुढे रांग थेट फाटकापर्यंत गेली. तेव्हापासून साहेबांनी हजेरी सुरू केली. दर शुक्रवारी, पाळी बदलताना, एकीने भाडेकरूचं नाव पुकारायचं, दुसरीने तो कुठल्या सर्व्हरवर आहे ते मोठ्याने सांगायचं. चूक निघाली तर तिथल्या तिथे.

थोरलीची पाळी सकाळची, धाकटीची दुपारची. हजेरीपुरत्या दोघी समोरासमोर यायच्या, आणि मध्ये वायरमन. चांगला मिशाळ, पोराबाळांचा माणूस, पण त्या तासाभरात त्याचं पार टपालखातं व्हायचं.

"विचार तुझ्या नव्या मॅडमना, औषधं कुठे आहेत?" थोरली म्हणायची.

"सांग त्यांना, उजवीवर. पडद्यावर दिसतंय. चष्मा लावला तर त्यांनाही दिसेल."

"त्यांना सांग, पडदा काय, कोणीही रंगवतं. मी सर्व्हरला हात लावून सांगते."

"मॅडम," वायरमन म्हणायचा, "दोघींनाही दोघींचं ऐकू येतंय हो. मी जाऊ का चहाला?"

घरी तर वायरमनही नव्हता. एका मजल्यावर शेजारशेजारची दोन बिऱ्हाडं, मधली भिंत फोडून केलेलं दार. पलीकडे थोरली आणि भाऊजी, अलीकडे धाकटी, तिची शाळेत जाणारी मुलगी आणि आठवड्यातून एकदा उगवणारा, ट्रकवरचा नवरा. सासूबाई पलीकडे, थोरलीच्या खोलीत, खिडकीखालच्या पलंगावर. झटका आल्यापासून त्यांचं डावं अंग गेलं होतं आणि जीभ जड झाली होती. बोलायच्या, पण ते फक्त थोरलीला कळायचं. धाकटीला सगळं एकाच सुरातलं गुरगुरणं वाटायचं.

वाटणी अशी की सकाळी धाकटीने सासूबाईंजवळ बसायचं, दुपारनंतर थोरलीने. ऐकायला न्याय्य. पण थोरली पहाटे उठून सासूबाईंचं अंग पुसायची, चादर बदलायची, भरवायची, गोळ्या द्यायची, दोन्ही घरचा स्वयंपाक करायची, धाकटीच्या मुलीची वेणी घालून डबाही भरायची, आणि मग कामावर जायची. गोळ्यांनी सासूबाईंना झोप लागायची. धाकटीचं बसणं म्हणजे मधलं दार उघडं ठेवून आपल्या खोलीत पडणं. मुलगी शाळेतून यायची तीही थोरलीकडेच. रात्री उठायची तीही थोरलीच. आणि हे सगळं मुकाट्याने केलं असतं तर ती थोरली कसली!

"आयतं गिळायला बरं जमतं," म्हणत ती ताट सरकवायची. "मशीनं सांभाळते म्हणे. घरातलं एक भांडं सांभाळून दाखव."

धाकटीचा हिशेब सरळ होता. मी टोमणे ऐकून घेते ना? मग झाली माझी वाटणी पुरी.

तर एका सोमवारी साहेब खोलीत आले. घशाच्या गोळ्या चघळणारा, कायम सर्दी झालेला माणूस. पाळी बदलायची वेळ साधूनच आले.

"म्हातारा बंद करायचा," ते म्हणाले. "या शुक्रवारी. आणि त्यानंतर या खोलीला माणूस एकच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. वरून तसा हुकूम आहे."

थोरलीचा हात कमरेच्या जुडग्याकडे गेला.

"कोण ते माणूस?" थोरलीने विचारलं.

"मला दोघी सारख्याच. कामही सारखं, भांडणंही सारखीच. शुक्रवारी शेवटची हजेरी घेऊ. दोघींनी आपापला नकाशा तयार ठेवायचा, कोण भाडेकरू कुठे. मग मी म्हातारा बंद करणार. जिचं खरं निघेल ती राहील. माझ्यामागे कटकट नको."

धाकटीने मनात हिशेब मांडला. ही नोकरी गेली तर ती कोण? घरात ती धाकटी. सासूबाईंची धाकटी, थोरलीची 'अगं धाकटे', भाऊजींच्या तोंडी तर नुसतं 'ही'. या एका थंडगार खोलीत तिला मॅडम म्हणत. फोन आला की पलीकडचा डॉक्टरसुद्धा अजिजीने बोलायचा, "मॅडम, जरा बघता का?" ते सोडून पुन्हा चोवीस तास त्या दोन दारांत? थोरलीच्या हाताखाली? मेली तरी नाही. आणि थोरली घरी राहिली तर सगळं किती सुतासारखं सरळ होईल! नाहीतरी घर तिलाच सांभाळायला आवडतं. सांभाळू दे की आता पोटभर.

मंगळवारी पाळी बदलतानाच ठिणगी पडली. धाकटीने रक्ताला, म्हणजे तपासणी विभागाचे रिपोर्ट चालवणाऱ्या भाडेकरूला, म्हाताऱ्यावरून उचलून जुळ्यातल्या डावीवर नेलं. आधीचे सगळे गेलेच होते, हा शेवटचा. रिपोर्ट धडाधड निघत होते. काही अडलं नाही.

थोरलीने पडद्याकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याकडे. आणि तिच्या तोंडावर एक हसू आलं, ते धाकटीला मुळीच आवडलं नाही.

"वायरमन, मॅडमना सांग, रक्त म्हाताऱ्यावरच आहे."

"वायरमन, जाऊबाईंना सांग, आत्ता डोळ्यांदेखत हलवलं मी."

"हलव हलव. शुक्रवारी कळेल."

धाकटीला वाटलं, बाईला आपलं लोखंड सोडवत नाहीये. म्हातारा वाचला तर आपण वाचू, असा डाव असेल. म्हणू दे काय म्हणायचं ते, पडदा माझ्या बाजूचा आहे. पण ते हसू काही तिच्या डोक्यातून जाईना. पाणी कुठेतरी मुरतंय खास, असं मन सारखं कुरतडत राहिलं.

गुरुवारी दुपारी थोरली घरी गेल्यावर धाकटीने म्हाताऱ्याच्या वायरी सोडवायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी तो उचलायचा होता. कपाटामागे जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा, जमिनीवर धुळीचे गोळे. ती गुडघ्यांवर बसून टॉर्च मारते तो म्हाताऱ्याच्या पाठीत अंगठ्याएवढी एक काडी खोचलेली. पेनड्राइव्हसारखी. तिच्या टोकाला लाल दोरा बांधलेला, आणि हिरवा दिवा लुकलुकतोय.

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

किल्ली होती ती. तपासणीचा प्रोग्राम ज्यांनी विकला त्यांनी चोरी होऊ नये म्हणून दिलेली. ही काडी जोडलेली असेल तरच प्रोग्राम चालणार, नाहीतर थोड्या वेळाने हटून बसणार. तिने रक्ताला डावीवर हलवलं तेव्हा भाडेकरू गेला, सामानसुमान गेलं, पण किल्ली इथेच राहिली. नव्या घरात राहून तो तारेवरून जुन्या घरातली किल्ली वापरत होता. पडद्यावर यातलं काही दिसत नाही. म्हातारा चालू आहे तोवर सगळं उत्तम. म्हातारा बंद झाला की रक्त बंद.

आणि थोरलीला हे माहीत होतं! तिनेच ती काडी खोचली असणार, तिनेच दोरा बांधला असणार. 'किल्ली मागे आहे' एवढे तीन शब्द बोलली असती तर संपलं असतं. पण नाही. उद्या साहेबांसमोर धाकटी छाती फुगवून म्हणणार, रक्त डावीवर. म्हातारा बंद होणार, रिपोर्ट थांबणार, फोन खणखणणार, आणि धाकटी सगळ्यांदेखत तोंडघशी.

"सटवी!" धाकटी कपाटामागे मोठ्याने म्हणाली. "पक्की सटवी आहे!"

आता खरं म्हणाल तर तिने तिथूनच साहेबांना फोन करायला हवा होता. किल्ली सापडली, थोरलीने लपवली होती, झालं. पण मग साहेब म्हणाले असते, नकाशात तुमचं चुकलंच होतं की. आणि थोरलीचं 'रक्त म्हाताऱ्यावर' हे अर्धं का होईना, खरं ठरलं असतं. धाकटीला अर्धंही द्यायचं नव्हतं.

तिने काडी उपटली. हिरवा दिवा विझला. तीच काडी नेऊन डावीच्या पाठीत खोचली, पडद्यापाशी येऊन ती रक्ताला जोडून दिली. तेवढ्यात फोन वाजलाच.

"मॅडम, आमच्याकडे किल्ली नाही असं काहीतरी लिहून आलंय," तपासणीतला कारकून म्हणाला.

"आता बघा."

"हां, गेलं. थँक्यू मॅडम."

इथेच थांबली असती तरी चाललं असतं. पण राग आला की माणसाला कल्पनाही फार सुचतात. टेबलाच्या खणात एक बिघडलेला पेनड्राइव्ह पडला होता, तसाच काळा, तेवढाच. तिने किल्लीचा लाल दोरा सोडला, त्याला बांधला आणि म्हाताऱ्याच्या पाठीत किल्ली होती तिथे खोचून दिला. सकाळी थोरली वाकून बघेल, दोरा दिसेल, आणि खुशाल राहील. धाकटीने हात झटकले. त्या दिवशी ती घरी जाताना चक्क गुणगुणत होती.

शुक्रवारी साहेबांनी तपासणी विभागाला आधीच फोन करून सांगितलं, जरा वेळ नवे नमुने घेऊ नका. वायरमन भिंतीला टेकून उभा राहिला. थोरली आज नवा स्वेटर घालून आली होती. तोऱ्यात पुढे होऊन तिने म्हाताऱ्याच्या मागे मान वळवून पाहिलं, दोरा दिसला, आणि समाधानाने हात बांधून उभी राहिली.

हजेरी सुरू झाली. नोंदणी, उजवी. दोघींचं एक. औषधं, डावी. एक. पगार, उजवी. एक. साहेब गोळी या गालातून त्या गालात नेत होते.

"रक्त," साहेबांनी पुकारलं.

"डावी," धाकटी म्हणाली.

"म्हातारा," थोरली म्हणाली.

"बघा हं. नक्की?"

"करा बंद," थोरली म्हणाली. "पण मग रिपोर्ट थांबले तर माझ्याकडे कोणी यायचं नाही. बाईसाहेबांकडे जा."

साहेबांनी बटण दाबून धरलं. म्हाताऱ्याचे पंखे हळूहळू थंडावले, एक लांब सुस्कारा आला आणि खालची फळी काळी पडली. सगळे फोनकडे बघत राहिले. फोन वाजेना. साहेबांनीच लावला.

"रिपोर्ट येताहेत का?"

"येताहेत की," कारकून म्हणाला.

"थांबा जरा," थोरली म्हणाली. "लगेच नाही कळत ते."

थांबले. साहेबांची गोळी संपली, त्यांनी दुसरी तोंडात टाकली. पुन्हा फोन. रिपोर्ट येत होते. वायरमनने जांभई दाबली. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा कारकून वैतागला, "साहेब, सगळं व्यवस्थित चाललंय, आम्हाला काम करू द्याल का?"

थोरलीचा चेहरा उतरला. ती कपाटामागे गेली. बाहेर आली तेव्हा हाताची मूठ मिटलेली होती. आता ही बोंब ठोकणार, आता दोरा दाखवणार. धाकटीने उत्तरही तयार ठेवलं होतं.

थोरलीने कमरेचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला.

"बाईसाहेबांचंच खरं आहे," ती म्हणाली, या खेपेला वायरमनला मध्ये न घेता. आणि निघून गेली.

संध्याकाळी धाकटी घरी आली ती युद्धाच्या तयारीने. जिना चढतानाच तिने तोंडात शब्द घोळवून ठेवले होते. पण मधल्या दारातून पाहते तर पलीकडे खोकी. भांडी खोक्यात, कपडे खोक्यात, भिंतीवरचं घड्याळ खोक्यात. सासूबाई पलंगावरून टकामका बघताहेत. धाकटीची मुलगी एका खोक्यावर बसून डोळे पुसतेय.

"हे काय?" धाकटीने विचारलं.

"दिसत नाही? पडद्यावरच दिसतं वाटतं तुला फक्त." थोरली चादरीची घडी घालत होती. "तुझ्या भाऊजींची बदली झालेली आहे. आजची नाही, कधीचीच. दर वेळी हातापाया पडून पुढे ढकलत होते ते, माझ्या नोकरीपायी. आता कशासाठी ढकलायची? रविवारी निघतोय."

"आणि आई?"

"आई इथेच. डॉक्टर म्हणाले एवढा प्रवास त्यांना झेपायचा नाही. शिवाय मुलगा काय एकच आहे का त्यांना?"

धाकटीची कानशिलं तापली. "सूड घेताय तुम्ही माझ्यावर."

"घेतेय." थोरली शांतपणे म्हणाली आणि मूठ उघडली. तळहातावर तो काळा पेनड्राइव्ह होता, लाल दोऱ्यासकट. "ही गाठ तुझी आहे. तुझी मुलगी रोज बुटाची लेस अशीच बांधून घेते तुझ्याकडून, आणि जिन्यापर्यंत जाता जाता सुटते. मी रोज सोडून नीट बांधते. ओळखणार नाही मी?"

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? किल्ली आहे हे मी लपवलं, ते मी लपवलेलं हिने चोरलं? तुला तोंडावर पाडायला गेले होते मी, धाकटे. पाडता आलं नाही. तू माझ्याहून बारा गावांचं पाणी प्यालेली निघालीस. घे तुझी नोकरी."

"घेणारच मग!"

"घे की. फक्त एक कर." थोरलीने घडी खोक्यात दाबली. "दोन दिवस आहेत मध्ये. काय विचारायचं ते विचारून घे. कुठली गोळी कधी, रात्री कुशीवर कसं वळवायचं, त्या काय म्हणतात ते. हवं तर हजेरी घे माझी. सांगेन सगळं. टोमणा न मारता सांगेन."

हा एक क्षण होता. धाकटीला तो दिसलाही. पण दुपारच्या त्या काळ्या फळीसमोरचा, थोरलीचा उतरलेला चेहरा तिच्या डोळ्यांपुढे होता, आणि जिंकलेलं माणूस हरलेल्यापाशी शिकवणीला बसतं का कुठे?

"मला काय विचारायचंय त्यात?" ती म्हणाली. "एवढी मशीनं सांभाळते, एक म्हातारं माणूस सांभाळणार नाही?"

थोरलीने तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा ते मंगळवारचं हसू आलं. पण या वेळी अर्ध्यातच मावळलं.

"बरं," ती म्हणाली.

धाकटीने नवऱ्याला फोन लावला. तो कुठल्यातरी रस्त्यावर होता, मागे हॉर्न वाजत होते. "आईचं? आईचं वहिनी बघते ना?" तो म्हणाला. धाकटीने पुन्हा सगळं सांगितलं. मग म्हणाला, "बघ मग काहीतरी," आणि लाइन तुटली. शनिवारी एक बाई कामाला बोलावली. सासूबाईंनी चांगल्या हाताने वाटी भिरकावली, ती बाईच्या कपाळाला लागली. बाई आल्या पावली परत गेली.

रविवारी टेम्पो आला. भाऊजी खाली मान घालून सामान चढवत होते. थोरली सासूबाईंजवळ बसली, त्यांच्या कानाशी काही बोलली. सासूबाई गुरगुरल्या. थोरली रडली, अगदी उघड, तोंडावर पदर न घेता. धाकटीला विचारावंसं वाटलं, काय म्हणाल्या? नाही विचारलं. थोरलीने मुलीच्या लेस सोडल्या, पुन्हा बांधल्या, आणि जिना उतरली.

सोमवारी सकाळी धाकटी पहाटेच उठली. ठरवूनच उठली. अंग पुसलं, पण चादर बदलताना सासूबाई पलंगाच्या कडेला आल्या, त्यांना सावरता सावरता बादली लवंडली. दूध उतू गेलं. मुलीची वेणी राहिली ती राहिलीच, ती मोकळ्या केसांनी, डबा न घेता गेली. गोळ्यांचा डबा उघडला तर आत सगळ्या रंगांच्या गोळ्या. अंदाजाने देण्याची हिंमत झाली नाही, म्हणून दिल्याच नाहीत. गोळी नाही म्हणून झोप नाही. सासूबाई जाग्या, आणि एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणताहेत.

"पाणी?" धाकटीने विचारलं. पाणी आणलं. सासूबाईंनी तोंड फिरवलं.

"भांडं देऊ? पांघरूण? खिडकी लावू?"

नाही, नाही, नाही. तेच ते गुरगुरणं, आणि आता डोळ्यांत पाणी. चांगला हात मधल्या दाराकडे जायचा, परत यायचा. कुठे दुखतंय का? भूक लागलीये का? की नुसती आठवण येतेय? धाकटी त्या तोंडाकडे बघत राहिली. एवढी वर्षं हे तोंड बोलत होतं, आणि तिने एक अक्षर ऐकलं नव्हतं.

फोन वाजला. साहेब होते.

"मॅडम, आज पहिला दिवस. खोली उघडलीच नाहीये अजून. आणि रक्त जरा अडकल्यासारखं वाटतंय, तपासणीवाले ओरडताहेत."

"साहेब, आज यायला नाही जमणार. सासूबाई आजारी आहेत. जवळ कोणी नाही."

"बरं, आज राहू दे. उद्या?"

धाकटीने पलंगाकडे पाहिलं.

"परवा? मॅडम, नवीन आजार आहे का काही?"

"नाही. जुनाच आहे."

"मग इतके दिवस त्यांच्याकडे कोण बघायचं?"

साधाच प्रश्न होता, त्यात काही खोच नव्हती. कुठला भाडेकरू कुठल्या सर्व्हरवर हे धाकटी झोपेत सांगू शकली असती. या प्रश्नाला तिला वेळ लागला. पलंगावरून सासूबाई अजून तेच म्हणत होत्या.

"थोरली," ती म्हणाली.

"मग त्यांनाच बोलवा की जरा," साहेब गोळी चघळत म्हणाले. "मी फोन धरून थांबतो."